प्रागला दोन दिवस: जर्मनीत शिकणाऱ्या मुलामुलींचे नेहमीचे प्रश्न

मी ड्रेस्डेनला मास्टर्स करते, मूळची सांगलीची. ऑक्टोबरात नवी बॅच आली की दिवाळीच्या आसपास तेच प्रश्न सुरू होतात. ताई, प्रागला जायचंय, व्हिसा लागतो का? पैसे किती न्यायचे? शाकाहारी काही मिळतं का? गेल्या अडीच वर्षांत मी पाच वेळा तिथे जाऊन आले. एकदा एकटी गेले, एकदा आई-बाबांना घेऊन, बाकीच्या वेळी मैत्रिणींबरोबर. प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढते. म्युनिक, बर्लिन, आखेनच्या मुलांनाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. त्यांच्यासाठी फक्त गाडीचा भाग वेगळा.

प्रागच का? पॅरिस, ॲमस्टरडॅम का नाही?

जरूर जा, पण पहिली सहल जवळची असावी. ड्रेस्डेनहून प्राग रेल्वेने साधारण सव्वादोन ते अडीच तासांवर आहे. सांगलीहून पुण्याला जायला याहून जास्त वेळ लागतो. शुक्रवारचं शेवटचं लेक्चर करून निघालं तरी रात्रीचं जेवण प्रागमध्ये होतं.

दुसरं कारण ड्रेस्डेनमध्ये राहणाऱ्यांना लवकर पटेल. आपल्या गावातलं जे ‘जुनं’ आपण फिरायला दाखवतो, त्यातलं बरंचसं फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यांनंतर पुन्हा उभं केलेलं आहे. फ्राउएनकिर्खं हे चर्च तर 2005 मध्ये पूर्ण झालं. प्राग त्या युद्धातून बव्हंशी वाचलं. त्यामुळे चौदाव्या शतकातला पूल, त्याच्या शेजारी सतराव्या शतकातलं घर आणि त्यात आजही राहणारी माणसं असं सगळं एकाच नजरेत दिसतं. ड्रेस्डेन रोज बघितल्यावर प्राग पाहिलं की दोन्ही शहरं जास्त कळतात.

शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असताना फिरायला जाणं बरोबर आहे का?

हा प्रश्न कुणी उघड विचारत नाही, पण खोलीत बसून सगळे हाच विचार करत असतात. पहिलं पूर्ण वर्ष मीही कुठे गेले नाही. बाबांनी घर तारण ठेवून कर्ज काढलंय आणि आपण फोटो टाकायचे, हे मनाला पटत नव्हतं. ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरो हातात येतात. त्यातून खोलीचं भाडं, विमा आणि किराणा वजा केला की उरतं ते दिसतंच.

शेवटी आईच म्हणाली, ‘‘अगं, तिकडे पाठवलं ते नुसतं मेन्सात (विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये) जेवायला आणि लायब्ररीत बसायला का?’’ आता माझं मत पक्कं आहे. वर्षातून दोन-तीन वेळा, आधी पैसे बाजूला काढून, जवळच्या गावी जावं. उधारी करून जाऊ नये. परीक्षेच्या आठवड्यात जाऊ नये. घरी लपवून तर अजिबात जाऊ नये. मागच्या खेपेला मला दोन रात्रींसाठी सगळं मिळून 160 युरोंच्या आसपास खर्च आला: जाण्या-येण्याचं तिकीट, हॉस्टेलची खाट, प्रवेशतिकिटं, जेवण, सगळं धरून. महिन्याला 25-30 युरो बाजूला ठेवले तर सहा महिन्यांत एक सहल होते.

वेगळा व्हिसा लागतो का?

नाही. चेक प्रजासत्ताक शेंगेनमध्ये आहे. जर्मनीचं वैध रेसिडेन्स कार्ड किंवा सुरुवातीचा नॅशनल व्हिसा असेल, तर इतर शेंगेन देशांत कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत राहता येतं. दोन दिवसांच्या सहलीला एवढं पुरून उरतं.

मात्र कार्डाच्या जोडीला मूळ पासपोर्ट हवाच. नुसतं कार्ड, मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. ‘शेंगेनमध्ये कोण तपासतंय’ हा समज जुना झाला. सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने आपल्या सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली. चेक सीमेवर तर ती त्याच्या वर्षभर आधीपासून आहे. परतताना पोलीस डब्यात चढतात आणि एकेकाची कागदपत्रं बघतात. पहिल्या सहलीला माझा पासपोर्ट खोलीतल्या ड्रॉवरमध्येच राहिला होता. हाउप्टबानहोफच्या (मुख्य स्थानकाच्या) फलाटावर ते लक्षात आलं, ट्रामने परत गेले, तोवर गाडी निघून गेली. तिकीट त्याच गाडीचं असल्याने वाया गेलं. तेव्हापासून आदल्या रात्रीच पासपोर्ट बुटात ठेवते. बूट घातल्याशिवाय काही घराबाहेर पडता येत नाही.

रेसिडेन्स कार्डाची मुदत संपलीय, हातात फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग आहे. जाऊ का?

नवं कार्ड येईपर्यंत मिळणारं ते तात्पुरतं पत्र एकाच प्रकारचं नसतं. आत कुठल्या चौकटीत खूण केलीय यावर परदेश प्रवास करता येईल की नाही हे ठरतं. आउसलेंडरबेहॉर्डेला (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला) ईमेल करा, लेखी उत्तर घ्या, मगच तिकीट काढा. उत्तर येत नसेल तर त्या शनिवार-रविवारी लाइपझिगला जा. प्राग कुठे पळून जात नाही.

गाडीचं तिकीट कुठून काढायचं? डॉइचलांड-टिकेट चालतं का?

डॉइचलांड-टिकेट, म्हणजे आपला महिन्याचा पास, जर्मनीतल्या लोकल आणि रीजनल गाड्यांना चालतो. प्रागला जाणाऱ्या युरोसिटी या आंतरराष्ट्रीय एक्सप्रेसला चालत नाही. बर्लिन-ड्रेस्डेन-प्राग ही युरोसिटी दिवसभर साधारण दर दोन तासांनी असते. तिकीट काढताना तीच गाडी जर्मन रेल्वेच्या ॲपवर आणि चेक रेल्वेच्या ॲपवर, दोन्हीकडे बघा. गाडी एक, डबा एक, पण भाव वेगळे निघतात. मला बहुतेक वेळा चेक ॲपवर स्वस्त मिळालं. स्वस्त तिकिटं ठरावीक गाडीचीच असतात, म्हणून परतीची गाडी फार घाईची धरू नका.

म्युनिकवाल्यांना फुर्थ इम वाल्ड आणि प्लझेनमार्गे थेट रेल्वे आहे. बसही आहे. बहुतेक बसेस प्रागच्या फ्लोरेंत्स स्थानकात उतरवतात. तिथून मेट्रो अगदी खाली आहे.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. चेक प्रजासत्ताकात अंतर्गत रेल्वे-बस प्रवासात 18 ते 26 वयाच्या विद्यार्थ्यांना सवलत आहे, 2022 पासून ती 50 टक्के आहे. परदेशात शिकणाऱ्यांनी त्यासाठी आयसिक (ISIC, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र) कार्ड दाखवायचं. जर्मन विद्यापीठाचं ओळखपत्र त्यासाठी धरत नाहीत. दुसऱ्यांदा जाऊन कुत्ना होरासारख्या जवळच्या गावी जायचा विचार असेल, तर कार्ड काढून ठेवा.

युरो चालतात का?

चालतात, पण देऊ नका. तिथलं चलन कोरुना. एका युरोला साधारण 24-25 कोरुना मिळतात. दुकानदार युरो घेतो तेव्हा भाव तो ठरवतो आणि सुटे कोरुनात परत करतो, म्हणजे दोन्हीकडून नुकसान आपलंच. जवळपास सगळीकडे कार्ड चालतं. मी दोन दिवसांसाठी 500 कोरुना रोख ठेवते, तेही मुख्यतः सार्वजनिक शौचालय आणि छोट्या टपऱ्यांसाठी.

एटीएममधून काढताना मशीन विचारतं की रक्कम युरोत बदलून कापू का? नको म्हणा. कोरुनातच कापू द्या, रूपांतर तुमची बँक करेल. कार्डाने बिल देतानाही हाच नियम.

आता पैसे बदलून देणाऱ्या खिडक्यांबद्दल. जुन्या शहरातल्या एका खिडकीवर ‘शून्य टक्के कमिशन’ वाचून माझ्या रूममेटने 50 युरो दिले आणि तिच्या हातात 850 कोरुना आले. म्हणजे युरोला 17 चा भाव. कमिशन शून्यच होतं, दरच पाडलेला होता. रात्री हॉस्टेलवर कळलं की 2019 पासून तिथे यासाठी कायदा आहे: 1000 युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत, पावती दाखवून, रद्द करता येतो. आमचे तीन तास उलटून गेले होते. तुम्ही पावती घ्या, हातातले पैसे तिथेच मोजा, भाव पटला नाही तर लगेच परत मागा. रस्त्यात कुणी आपणहोऊन चांगला भाव देऊ म्हणाला तर थांबूसुद्धा नका. असे लोक बिनकामाच्या परदेशी नोटा हातात टेकवून निघून जातात.

दोन दिवसांचा बेत कसा आखायचा?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. बहुतेक मुलं इथेच चुकतात. शनिवार आणि रविवार प्रागमध्ये सारखे नाहीत. शनिवारी ज्यू वस्तीतली संग्रहालयं आणि सिनेगॉग बंद असतात, कारण तो त्यांचा सब्बाथ. किल्ल्यातलं सेंट व्हाइटस कॅथीड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं, दुपारी बाराला उघडतं. म्हणून शनिवारी किल्ला आणि रविवारी ज्यू वस्ती. उलटं केलं तर दोन्ही दारांवरून परत फिरावं लागतं. मी एकदा तशी फिरले आहे.

शनिवारी पहाटे उठा. मी हे अगदी कळकळीने सांगते. चार्ल्स पुलावर दहानंतर गेलात तर फक्त माणसांच्या पाठी दिसतात. सहाच्या सुमारास तिथे फक्त रस्ता झाडणारे, एखादा फोटोग्राफर आणि बदकं असतात. पूल 516 मीटर लांब आहे, दोन्ही कठड्यांवर मिळून 30 पुतळे किंवा पुतळ्यांचे समूह. चौथ्या चार्ल्स राजाने 1357 मध्ये पायाभरणी केली. त्याची गोष्ट सांगतात ती अशी की ज्योतिषांनी मुहूर्त काढून दिला: 1357, नववा दिवस, सातवा महिना, पहाटे 5 वाजून 31 मिनिटं. आकडे ओळीने मांडा: 1 3 5 7 9 7 5 3 1. पुढून वाचा की मागून, सारखेच. खरं-खोटं देव जाणे, पण मुहूर्ताचं वेड फक्त आपल्याकडेच नाही हे पाहून बरं वाटलं.

पूल ओलांडून माला स्त्राना ही जुनी वस्ती, तिथून नेरुदोवा रस्त्याने चढत किल्ल्याकडे. दारांवरच्या दगडी चिन्हांकडे बघा: दोन सूर्य, तीन व्हायोलिनं. 1770 मध्ये घरांना क्रमांक दिले, त्याआधी पत्ता म्हणजे हे चिन्हच. आपल्याकडे ‘पिंपळाजवळचं घर’ म्हणतात ना, तसंच. आजही प्रागच्या घरांवर दोन पाट्या असतात. लाल पाटीवर त्या भागातला जुना नोंदणी क्रमांक आणि निळ्या पाटीवर रस्त्याचा क्रमांक. हॉस्टेल शोधताना निळी पाटी बघा, म्हणजे फेऱ्या वाचतील.

किल्ल्याची अंगणं फुकट बघता येतात, आतल्या इमारतींना तिकीट आहे आणि विद्यार्थ्यांना सवलत मिळते. कॅथीड्रलचं काम 1344 मध्ये सुरू झालं आणि 1929 मध्ये पूर्ण झालं. आत डाव्या हाताला आल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी आहे. सकाळी साडेनऊच्या सुमारास तिचा रंग खालच्या फरशीवर सांडलेला मी पाहिला आहे. किल्ल्यानंतर स्त्राहोव्ह मठाच्या बाजूला जा, तिथल्या भिंतीवर बसून डबा खा. खाली सगळं शहर दिसतं.

शनिवारी दुपारनंतर काही ठरवू नका. पाय दुखतात. नदीकाठी बसा. संध्याकाळी व्हिशेह्रादला, नदीकाठच्या जुन्या गडावर, जा. तिथली तटबंदी फुकट आहे, गर्दी कमी, आणि नदीपलीकडे सूर्यास्त होताना दिसतो.

जुन्या शहरातल्या त्या घड्याळात एवढं काय आहे?

बहुतेक लोक तासाच्या ठोक्याला जमतात. सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून बारा प्रेषित फिरतात, शेवटी कोंबडा आरवतो, लोक टाळ्या वाजवून निघून जातात. अर्ध्या मिनिटाचा खेळ. (त्याच अर्ध्या मिनिटात पाकीटमारही कामाला लागतात, सगळ्यांच्या माना वर असतात ना.) खरं बघायचं ते ठोके संपल्यानंतर.

मे महिन्याच्या सुरुवातीला आई-बाबा आले होते. बाबा रोज सकाळी पंचांग बघणारे. लोक पांगल्यावर ते तिथेच उभे राहिले. निळ्या तबकडीवर एक राशीचक्र फिरतं, त्यावरून सोनेरी सूर्य सरकतो. चंद्राचा गोळा अर्धा काळा, अर्धा चंदेरी, स्वतःभोवती फिरून कला दाखवतो. बाबांनी दोन-तीन वेळा चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘‘अगं, यांचा रवी वृषभेत आलाय. आपल्याकडे अजून मेषेत आहे.’’ बरोबर होतं. ते घड्याळ सायन मानतं, म्हणजे राशी वसंतसंपातापासून मोजतं, आपली पंचांगं निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांवरून. आपली मेषसंक्रांत 14 एप्रिलच्या सुमारास, त्यांची 21 मार्चच्या.

मग आम्ही बाकीची वर्तुळं उलगडत बसलो. बाहेरच्या कड्यावरचे 24 आकडे जुना चेक काळ दाखवतात. तो दिवस सूर्यास्तापासून मोजतात, म्हणून ते कडं वर्षभर मागेपुढे सरकत असतं. आतल्या वक्र सोनेरी रेघा सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा सारखे भाग पाडतात. उन्हाळ्यात भाग मोठे, हिवाळ्यात लहान. दिनमानाप्रमाणे लांबी बदलणारे हे तास बाबांना एका वाक्यात कळले, मला मात्र तीन सहलींनंतर. हे यंत्र 1410 चं. घड्याळजी मिकुलाश आणि गणिती यान शिंदेल यांनी ते केलं. आम्ही तिथे चाळीस मिनिटं उभे होतो. किल्ल्यात बाबा एवढे रमले नव्हते.

त्याच चौकात टीन चर्च आहे, त्यात खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेची कबर आहे. तो 1599 मध्ये प्रागला आला आणि 1601 मध्ये तिथेच वारला. केपलर 1600 मध्ये त्याच्या हाताखाली काम करायला आला आणि टायकोने नोंदवलेल्या मंगळाच्या निरीक्षणांवरूनच त्याने ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षा शोधल्या. अकरावीच्या भौतिकशास्त्रात जे नियम पाठ केले, ते इथल्या गल्ल्यांत फिरणाऱ्या माणसाचे आहेत. इंजिनिअरिंगच्या मुलांनी तरी तिथे पाच मिनिटं थांबावं.

ज्यू वस्तीचं तिकीट महाग वाटतं. घ्यावं का?

घ्यावं. एखादं जेवण कमी करा, पण हे बघा. वेळ कमी असेल तर पिंकास सिनेगॉग आणि त्याला लागून असलेली जुनी दफनभूमी एवढं तरी बघाच.

पिंकासच्या खालच्या मजल्यावर मूर्ती नाहीत, चित्रं नाहीत. फक्त भिंती आणि भिंतींवर हाताने लिहिलेली नावं. बोहेमिया आणि मोराव्हियातले जे ज्यू नाझींच्या हातून मारले गेले, त्यांतल्या जवळपास 78 हजार जणांची. गाव, आडनाव, नाव, जन्मतारीख, मृत्यूची तारीख. ओळ संपत नाही, मध्ये ठिपका येतो आणि पुढचं नाव सुरू होतं. मी एका आडनावावर बोट न टेकवता नजर फिरवत गेले. एकाच घरातली सहा माणसं होती, त्यातलं शेवटचं मूल 1938 मध्ये जन्मलेलं.

वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस नावाची चित्रकार तिथे स्वतः कैदी होती आणि मुलांना चित्रकला शिकवत होती. 1944 मध्ये तिला आउशवित्सला नेलं, तिथे ती मारली गेली. मागे दोन बॅगांमध्ये मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं राहिली. फुलपाखरं, घर, खाटांच्या रांगा. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ती त्या मजल्यावर एका चित्रासमोर बराच वेळ उभी होती आणि बाहेर आल्यावर नदीपर्यंत काही बोलली नाही.

आत मोठ्याने बोलू नका, सेल्फी काढू नका. पुरुषांना डोकं झाकावं लागतं, दाराशी टोपी मिळते.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, पण विचारून घ्यावं लागतं. चेक जेवण म्हणजे मुळात मांस, रस्सा आणि क्नेडलीक. क्नेडलीक म्हणजे उकडलेल्या पिठाच्या लाटीचे काप. ‘स्वीच्कोवा’ आणि ‘गुलाश’ हे प्रत्येक पाटीवर दिसणारे पदार्थ बहुधा गोमांसाचे असतात. पाळत असाल तर लक्षात ठेवा.

शाकाहाऱ्यांसाठी भरवशाचा पदार्थ ‘स्माझेनी सीर’: चीजचा जाड तुकडा पाव-चुऱ्यात घोळून तळलेला, सोबत बटाटे. ‘ब्रांबोराक’ म्हणजे किसलेल्या बटाट्याचं, लसूण घातलेलं थालीपीठच. गरम असताना खा. ‘ओवोत्स्ने क्नेडलीकी’ म्हणजे आत फळ भरलेले उकडीचे गोळे, वर चीज किंवा खसखस आणि वितळलेलं लोणी. मोदकाची आठवण येते. सूप मात्र मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारून घ्या.

विचारायचं कसं? ‘‘बेज मासा’’ म्हणा. बेज म्हणजे शिवाय, आणि मासो म्हणजे मांस. आपल्या कानाला ते मासळीचं वाटतं, पण शब्द आपल्या ‘मांस’च्याच कुळातला आहे. एवढ्याने भागत नाही, कारण हॅमचे तुकडे काही जण मांसात धरत नाहीत. म्हणून मेन्यूवर ‘शुंका’ (हॅम), ‘स्लानिना’ (डुकराच्या चरबीचे काप) आणि ‘साद्लो’ (डुकराची चरबी) हे शब्द ओळखायला शिका. पोट बिघडलं किंवा घरची आठवण आली तर शहरात भारतीय हॉटेलंही भरपूर आहेत.

मी स्वतः एक वेळ बाहेर जेवते आणि बाकी डब्यावर भागवते. मेथीचे ठेपले, शेंगदाण्याची चटणी आणि सफरचंद. रविवारी जर्मनीत सगळी दुकानं बंद असतात तसं प्रागमध्ये नाही, सुपरमार्केट रविवारीही उघडी असतात. मात्र काही राष्ट्रीय सुट्ट्यांना मोठी दुकानं कायद्याने बंद ठेवावी लागतात, 8 मे त्यांतलाच एक. आई-बाबांबरोबर नेमकी तीच तारीख आली आणि आम्हाला दही मिळवायला कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांची दारं ठोठवावी लागली.

ते चुलीवर फिरवून भाजलेलं साखरेचं त्र्देलनीक सगळीकडे दिसतं. गोड आहे, खा. फक्त ते प्रागचं पारंपरिक खाणं समजू नका, पर्यटकांमुळे पसरलेलं आहे.

शहरात फिरायला कुठलं तिकीट?

30 मिनिटं, 90 मिनिटं, 24 तास, 72 तास अशी तिकिटं मिळतात. ट्राम, मेट्रो, बस, सगळ्यांना एकच. कागदी तिकीट घेतलं तर ते पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. न मारलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि परदेशी विद्यार्थी म्हणून सोडत नाहीत. ॲपवरचं तिकीटही घेतल्यापासून थोड्या वेळाने सुरू होतं, चढण्याआधीच घ्या.

मेट्रोच्या तीन मार्गिका आहेत. नामेस्ती मीरू स्थानक 53 मीटर खोल आहे, तिथला सरकता जिना 87 मीटर लांब. आईने माझा हात शेवटपर्यंत सोडला नाही. मध्यरात्रीनंतर मेट्रो थांबते, मग रात्रीच्या ट्रामा धावतात. त्यांचे क्रमांक नव्वदच्या पुढचे आणि त्या सगळ्या लाझार्स्का थांब्यावर भेटतात.

मुलीने एकटीने जाणं सुरक्षित आहे का?

मी गेले आहे आणि पुन्हा जाईन. रात्री अकराला ट्राममध्ये आजीबाई पिशव्या घेऊन बसलेल्या असतात, तेवढं बघून माझी भीती गेली. काळजी घ्यायची ती खिशाची: 22 नंबरची ट्राम, पूल आणि घड्याळाखालची गर्दी. शनिवारी रात्री जुन्या शहरात स्वस्त बिअरसाठी आलेल्या पर्यटकांचा गोंधळ असतो, म्हणून हॉस्टेल तिथे न घेता विनोह्राडी, कार्लीन किंवा होलेशोवित्सेला घ्या. फक्त मुलींची खोली मागा. टॅक्सी रस्त्यावर हात करून थांबवू नका, ॲपवरूनच बोलवा. घरच्यांना परतीच्या गाडीचा क्रमांक कळवून ठेवा, त्यांनाही झोप लागते.

आजारी पडलं तर? फोन चालतो का?

जर्मनीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या कार्डाची मागची बाजू म्हणजेच युरोपियन आरोग्यविमा कार्ड, ते जवळ ठेवा. खाजगी विमा असेल तर निघण्याआधी कंपनीला विचारा. तातडीचा नंबर 112. जर्मन सिम युरोपीय संघात वेगळ्या पैशांशिवाय चालतं, नेटसुद्धा.

चेक भाषा येत नाही, अडेल का?

अडणार नाही. तरुण मंडळी इंग्रजी बोलतात. पण दुकानात शिरताना ‘‘दोब्री देन’’ म्हटलं आणि निघताना ‘‘द्येकुयी’’ म्हटलं की समोरचा चेहरा बदलतो. एक गंमत मात्र ध्यानात ठेवा. ‘आनो’ म्हणजे हो, आणि बोलताना ते नुसतं ‘नो’ म्हणतात. समोरची बाई ‘नो, नो’ म्हणाली तर ती होकार देतेय. आकडे ऐका: द्वा, त्रि, च्तिर्जी, प्येत, शेस्त, आणि शंभराला स्तो. शाळेतलं संस्कृत विसरला नसाल तर ओळखीचे वाटतील.

घरच्यांसाठी काय आणावं?

काचेच्या वस्तू छान असतात, पण बॅगेत फुटतात, आणि भारतात न्यायच्या तर वजन. वेन्सेस्लास चौकात बाटाची 1929 ची काचेची इमारत आहे, तिचा फोटो पाठवा. शाळेत घातलेले काळे बूट ज्या कंपनीचे, ती या देशातल्या झ्लीन गावात 1894 मध्ये सुरू झाली, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. संभाजीनगरच्या कुणाला पाठवायचं असेल तर स्कोडाच्या ट्रामचा फोटो चालेल. शेंद्र्यात त्या नावाच्या गाड्या बनतात.

मी आईसाठी 200 कोरुनाची एक नोट वाचवून आणली होती. तिच्यावर कोमेनियसचं चित्र आहे. मुलांना चित्रांतून शिकवा असं सतराव्या शतकात सांगणारा हा शिक्षक आईने डी.एड.ला अभ्यासला होता. नोटेच्या मागच्या बाजूला मोठ्या माणसाचा आणि लहान मुलाचा हात एकमेकांत आहे. ती नोट आता तिच्या वर्गातल्या कपाटाच्या काचेला आतून चिकटवलेली आहे.

गाडीत कुठल्या बाजूला बसावं?

हे कुणी विचारत नाही, पण विचारायला हवं. रूळ आधी व्लतावा आणि मग लाबे, म्हणजे आपली एल्बे, यांच्या डाव्या काठाने जातात. त्यामुळे प्रागला जाताना डावीकडची खिडकी धरा आणि परतताना उजवीकडची. परतीच्या वाटेवर उस्ती आलं की पलीकडच्या काठावर, खडकावर, स्त्रेकोव्हचा पडका किल्ला दिसतो. देचीननंतर दरी अरुंद होते, वाळूच्या खडकांचे कडे वर चढतात. बाड शांडाउला पोलीस चढतील, पासपोर्ट हातात ठेवा. ते पुढे गेले की लिलिएनश्टाइन डोंगराचा सपाट माथा नदीपलीकडे येतो. रविवारी संध्याकाळच्या उन्हात तो तांबूस दिसतो, आणि तिथून घर अर्ध्या तासावर असतं.